ब्रेकमास्तरांची ग्रंथी

“माझ्या पोटात गोष्ट राहते!” असं ब्रेकमास्तर छाती पुढे काढून सांगत. ते खरंही होतं. गोष्ट राहत होती. राहत नव्हतं ते दुसरंच काही.

ब्रेकमास्तर म्हणजे मोटार चालवायला शिकवणारे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला स्वतंत्र ब्रेक ठेवायचा आणि समोरचा गडबडला की तो दाबायचा, हा त्यांचा धंदा. इतकी वर्षं दाबून दाबून ती सवय अशी अंगात मुरली होती की घरात सोफ्यावर बसलेले असतानाही बायकोनं नुसती भुवई उंचावली तर त्यांचा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई.

तर अशा या ब्रेक लावण्यात तरबेज असलेल्या माणसाचा स्वतःचाच ब्रेक बिघडला होता. दर तासाला जावंसं वाटायचं. गेलं की लवकर सुरू व्हायचं नाही. सुरू झालं की लवकर संपायचं नाही, आणि संपलंसं वाटून बाहेर आलं की संपलेलं नसायचं! रात्री तर झोपेपेक्षा येरझारा जास्त. हळूहळू याचा परिणाम शिकवणीवरही झाला. त्यांच्या विद्यार्थ्यांना गाडी मागे घेता येत नसे, पण शहरातलं प्रत्येक सार्वजनिक स्वच्छतागृह, पेट्रोल पंप आणि थिएटर डोळे मिटून सापडत असे.

“मास्तर, आपण सारखं पंपावर का जातो? टाकी तर भरलेली आहे,” एका विद्यार्थिनीनं विचारलंच.

“टाकीचंच बघायला जातो,” मास्तर म्हणाले आणि घाईनं उतरले.

शेवटी ते दवाखान्यात गेले. घरात कुणालाही न सांगता. सांगणार तरी काय? बायको ग्रंथालयात ग्रंथपाल. ती रागावली किंवा काळजीत पडली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. एकदा का ती कुजबुजायला लागली, की मास्तरांना घाम फुटे. आणि घरात सासूबाई! त्यांच्यासमोर या अवयवाचा विषय काढण्यापेक्षा मास्तरांनी गाडी नदीत घातली असती.

“गुपचूप जायचं, गुपचूप बरं व्हायचं!” असा त्यांचा बेत. बेत उत्तमच होता. तो डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडेपर्यंत टिकला.

आत खुर्चीत बाई होती. त्याहून वाईट म्हणजे ओळखीची बाई होती! शिकताना हिनंच त्यांची गाडी दोनदा दुभाजकावर चढवली होती आणि “तुला या जन्मात गाडी येणार नाही” असं मास्तरांनी हिलाच सांगितलं होतं.

“या, मास्तर!” डॉक्टरबाई हसल्या.

“मी... चुकून इकडे... मला डोळे दाखवायचेत.”

“डोळ्यांचे डॉक्टर खालच्या मजल्यावर. तुम्ही वेळ माझी घेतलीये. बसा.”

मास्तर बसले. मग त्यांना झोपवण्यात आलं. मग कुशीवर वळवण्यात आलं. त्यापुढची तपासणी फार तर एक मिनिटाची. पण तेवढ्यात मास्तरांनी हवेतला ब्रेक अनेकदा दाबला.

“खांदे सैल सोडा, नजर समोर, श्वास रोखायचा नाही. कुणी शिकवलं होतं मला हे?”

मास्तरांनी खांदे सैल सोडले. नजर समोर ठेवली. समोर भिंतीवर मूत्राशयाचं रंगीत चित्र होतं.

“प्रोस्टेट ग्रंथी वाढलीये,” डॉक्टर हात धूत म्हणाल्या. “मूत्राशयाच्या तोंडाशी असते ती. वयानुसार वाढते आणि नळीवर दाब आणते. पुष्कळ पुरुषांना होतं. रक्त तपासू, सोनोग्राफी करू, आणि रिपोर्ट आले की उपायांचं मी फोनवर समजावते. आणि मास्तर, मध्येच स्वतःच्या मनानं कसल्याही गोळ्या घ्यायच्या नाहीत. सर्दीच्यासुद्धा नाहीत. काही सर्दीच्या गोळ्यांनी लघवी पार अडकते.”

मास्तरांनी मान हलवली. ‘सर्दीच्या’ हा शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. ते पँटचं बक्कल लावण्यात गुंतले होते.

फोन आला तो दोन दिवसांनी, संध्याकाळी. घरात बोलायची सोय नाही म्हणून मास्तर खाली जाऊन गाडीत बसले आणि उकडत होतं म्हणून काच उतरवली. आता त्यांची एक सवय सांगितली पाहिजे. समोरच्याचं म्हणणं स्वतः मोठ्यानं म्हणून बघितल्याशिवाय ते त्यांच्या डोक्यात शिरत नसे. आणि गाडी लावायची जागा होती बरोबर सासूबाईंच्या खिडकीखाली!

सासूबाईंनी आख्खी नोकरी टेलिफोन खात्यात काढली होती. हजारो लोकांचे फोन जोडून दिलेली बाई. “एका बाजूचं बोलणं ऐकलं की दुसरी बाजू मी अचूक सांगते,” हा त्यांचा अभिमान. त्या खिडकीत वाळलेले कपडे काढत होत्या. खालून जावयाचा आवाज आला.

“हो ना डॉक्टर, फार त्रास देते! रात्री चार-चारदा उठवते मला.”

सासूबाईंचा हात दोरीवरच थांबला.

“वय झालं की होतंच, ते कळतं हो. पण इतकी? ...अच्छा, तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लगेच काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. संध्याकाळनंतर चहा बंद, पाणी कमी. बरं. ...दुसरा, गोळ्या! एका गोळीनं नुसती ढिली पडते. आणि दुसरीनं? हळूहळू आकसत जाते! सहा महिने लागतील म्हणता? चालेल, मला घाई नाही. ...चक्कर येऊन पडायला होतं? आणि घरात कुणाला कळणार नाही ना?”

सासूबाईंनी खिडकीचा गज घट्ट धरला.

“आणि तिसरा? दुर्बीण घालून खरवडून काढायची! ...लेझरनंसुद्धा? ...वाफ सोडून? बापरे, कायकाय निघालंय! नाही, नाही, बायकोला सांगितलेलं नाही. ...ठीक आहे, आधी गोळ्या सुरू करतो. नाहीच जमलं तर सरळ काढूनच टाकू तिला!”

सासूबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या डोक्यात दुसरी बाजू अचूक जुळली होती. या घरात म्हातारी कोण? आपण. रात्री हाका मारून ‘गॅस बंद केलाय का बघा हो’ म्हणून जावयाला कोण उठवतं? आपणच! आणि सगळ्यात झोंबलं ते वेगळंच. इतकी वर्षं तोंड भरून ‘आई’ म्हणणारा हा माणूस पाठीमागे चक्क ‘ती’वर आला होता!

तरी सासूबाई न्यायी बाई होत्या. पुराव्याशिवाय कुणाला नावं ठेवायची नाहीत, असं त्यांनी ठरवलं. पुरावा त्याच संध्याकाळी मिळाला. म्हणजे मिळालं काहीच नाही, उलट समोरचा कप काढून घेतला गेला.

झालं असं की आपण एकट्यानं चहा सोडला तर सगळे कारण विचारतील, म्हणून मास्तरांनी नामी युक्ती काढली होती. “आजपासून या घरात संध्याकाळचा चहा बंद!” त्यांनी जाहीर केलं. “कुणालाच नाही. आणि आई, तुम्हीही रात्री पाणी जरा बेतानंच प्या.”

“मी?” सासूबाईंचा आवाज चिरकला. “मला तहानेनं...”

“तब्येतीसाठीच सांगतोय,” मास्तर प्रेमानं म्हणाले.

पहिला मार्ग सुरू झाला होता! आणि लक्ष? तेही ठेवलं जात होतं. बाथरूम सासूबाईंच्या खोलीला लागून. रात्री दाराबाहेर पावलं वाजायची, मग बराच वेळ काहीच आवाज नाही, मग एक मोठा उसासा, आणि पावलं परत. आजवर त्यांनी याकडे लक्ष दिलं नव्हतं. आता त्या पांघरुणात डोळे उघडे ठेवून विचार करू लागल्या, ‘हा बाहेर उभा राहून उसासे का टाकतो? मी अजून श्वास घेतेय म्हणून?’

चार दिवसांनी दुसरा मार्ग सापडला. मास्तरांनी आपल्या गोळ्या लपवायला सगळ्या घरात शोधून शोधून एकच सुरक्षित जागा निवडली होती. बाथरूमच्या फळीवर सासूबाईंची कॅल्शियमची रिकामी बाटली पडून होती. तिच्यात! रिकाम्या बाटलीत कोण बघतंय?

सासूबाई बघतात. त्यांनी ती बाटली बटणं ठेवायला म्हणून उचलली, तर आत खुळखुळ. उघडलं तर छोट्या छोट्या, आयुष्यात न पाहिलेल्या गोळ्या. आणि बाटलीवर आपलं नाव!

दुसरी एखादी बाई किंचाळली असती. सासूबाईंनी शांतपणे त्या गोळ्या रुमालात बांधल्या, बाटलीत आपल्या कॅल्शियमच्या गोळ्या भरल्या, बाटली होती तशी ठेवली आणि मुलाला फोन लावला.

“ताबडतोब ये. तुझे भाऊजी मला संपवतायत.”

हा मुलगा, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढायच्या कामावर होता. संशय घेण्याचा त्याला पगार मिळे, आणि सुट्टीच्या दिवशी तो फुकट घेई. घरी येऊन आईचं म्हणणं ऐकताना आधी तो हसला. मग रुमाल उघडला गेला. मग तो हसायचा थांबला.

“ताईला सांगितलंस?”

“नाही. ती नवऱ्यावर जीव टाकते. बिचारी कोलमडेल.”

“मग आधी मी चौकशी करतो. पद्धतशीर!”

पद्धतशीर चौकशी म्हणजे तो दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या गाडीत मागच्या सीटवर येऊन बसला. “असंच, भाऊजी. कंटाळा आला होता. तुम्ही शिकवा, मी बघतो.” मास्तरांना नवल वाटलं, पण मेहुण्याला उतर कसं म्हणणार? विद्यार्थिनीनं गाडी सुरू केली. पहिल्या वळणावर मास्तर म्हणाले, “पंपावर घे.” उतरले, नाहीसे झाले, काही वेळानं उदास चेहऱ्यानं परतले. मग थिएटर. मग बसस्टँड. प्रत्येक ठिकाणी तेच. घाईनं जायचं, पडलेल्या चेहऱ्यानं यायचं.

“हे रोजचंच,” विद्यार्थिनी आरशातून मेहुण्याला म्हणाली. “कुणाला तरी भेटायचं असतं वाटतं. भेट होत नसावी.”

मेहुण्यानं मान डोलावली. गोळ्या पुरवणारा माणूस! तो जागा बदलत असणार!

इकडे मास्तरांना काहीच कळेना. गोळी रोज न चुकता घेत होते. बाथरूममध्ये, चष्म्याशिवाय, बाटलीतून एक काढून गटकन. गोळी घशाखाली उतरताना खडू गिळल्यासारखं वाटे. ‘औषध जालीम दिसतंय,’ असं म्हणून ते मनाची समजूत घालत. गुण मात्र काडीचा नाही! त्यात गाडीच्या एसीनं त्यांना सणसणीत सर्दी झाली. डोकं जड, नाक बंद. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून त्यांनी सर्दीच्या गोळ्या घेतल्या. शनिवारी रात्री एक घेतली, बरं वाटलं. रविवारी सकाळी म्हणून दुसरी घेतली.

नाक मोकळं झालं. बाकी सगळं बंद झालं!

सकाळपासून एक थेंब नाही. आधी त्यांना वाटलं, वा, आज जावंच लागत नाही, गुण आला! मग पोट तट्ट होऊ लागलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ते खुर्चीच्या कडेवर, कुठेही न टेकता बसायला लागले होते. नेमकं तेव्हाच मेहुणा आला आणि बैठकीच्या खोलीत आतल्या दारापाशी खुर्ची टाकून बसला. बाथरूमची वाट त्याच दारातून जात होती.

“भाऊजी, बसा. सगळ्यांसमोर काही विचारायचंय.”

“नंतर विचार की. मी जरा आत जाऊन येतो.”

“नंतर नाही. आत्ता!”

बायको हातातलं पुस्तक मिटून म्हणाली, “काय चाललंय तुमचं?” आवाज अजून नेहमीचा होता.

मेहुण्यानं रुमाल टेबलावर ठेवून उघडला. “या गोळ्या ओळखता, भाऊजी?”

मास्तरांनी बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “या... या तुझ्याकडे कशा? मग मी रोज काय खातोय?”

“माझं कॅल्शियम!” सासूबाई कोपऱ्यातून कडाडल्या. “बाटलीवर नाव माझं, गोळ्या तुमच्या! कुणासाठी भरल्या होत्या?”

“कुणासाठी म्हणजे? आई, हा... हा खाजगी विषय आहे!”

“खाजगी!” मेहुणा उभा राहिला. “घरातला माणूस हळूहळू आकसवायचा आणि म्हणे खाजगी!”

“माणूस कुठे? नुसती ती एकटीच आकसणार होती!”

“ऐकलंस? ऐकलंस, ताई? कबूल करतायत!”

बायको मास्तरांकडे वळली आणि कुजबुजली, “अहो, ही ‘ती’ कोण?”

कुजबुज सुरू झाली म्हणजे संपलंच! मास्तरांचे दोन्ही पाय फरशीवर दाबले गेले. कपाळावरून घामाच्या धारा.

“घाम का फुटलाय, भाऊजी?”

“मला... जायचंय रे!”

“कुठे पळणार?”

“पळत नाहीये! बाजूला हो!” मास्तरांनी मेहुण्याला खुर्चीसकट सारलं आणि आत धावले. दार बंद. सगळे कान देऊन उभे. शांतता. मग तोच तो लांबलचक उसासा. आणि मग आतून एका मोठ्या माणसाचं रडकुंडीला आलेलं बोलणं.

“होत नाहीये! अगं, होतच नाहीये!”

“आता होणारही नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पकडले गेलात!”

मास्तर दार उघडून भिंतीला धरत बाहेर आले. “दवाखान्यात न्या,” ते कसेबसे म्हणाले. “ग्रंथी... माझी ग्रंथी...”

“ग्रंथ?” ग्रंथपाल बायको गोंधळली. “कुठला ग्रंथ? आत्ता?”

पण त्यांचा चेहरा बघून तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. अठरा वर्षांचा असताना तिचा भाऊ सायकलवरून पडला होता, तेव्हा त्याचा चेहराही इतका वाईट नव्हता. प्रश्न एवढाच, की गाडी चालवणार कोण? मेहुण्याला येत नव्हती. सासूबाईंचा प्रश्नच नव्हता. बायकोकडे परवाना होता; पण मास्तरांनी तिला शिकवलं त्या काळात दोघं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्यानंतर तिनं चाकाला हात लावला नव्हता.

आज लावला. मास्तर शेजारच्या सीटवर पोट धरून, मागे मेहुणा आणि सासूबाई. सासूबाईंना घरी राहा म्हटलं तर त्या म्हणाल्या, “मीच फिर्यादी आहे, मी येणारच!”

गाडी निघाली. पहिल्याच चौकात बायकोनं जोरात ब्रेक दाबला. मास्तरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या रिक्षावाल्यानं रस्ता दिला.

“ब्रेक नको! अगं, ब्रेक लावू नकोस!”

“समोर माणूस आहे!”

“तो होईल बाजूला! तू ब्रेक लावू नकोस!”

आयुष्यभर ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडत आलेला माणूस हात जोडून ब्रेक नको म्हणत होता. पुढे गतिरोधक होते. त्यांचं वर्णन न केलेलं बरं. एवढंच सांगतो, की तिसऱ्या गतिरोधकाला मागच्या सीटवरून सासूबाईंनी न राहवून जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग आपला हात तिथे कसा गेला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटून तो काढून घेतला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला आणि एकच प्रश्न विचारला, “सर्दीची गोळी घेतलीत?”

“तुम्हाला कसं कळलं?” मास्तर कण्हत म्हणाले.

मग पडदा ओढला गेला. आत नळी घालण्यात आली. पडद्याबाहेर उभ्या असलेल्या तिघांना आधी एक ‘आई गं!’ ऐकू आलं, आणि थोड्याच वेळात असा एक दीर्घ, तृप्त, समाधिस्थ हुंकार, की मेहुण्याला वाटलं भाऊजी गेले.

भाऊजी गेले नव्हते. पडदा सरला तेव्हा ते उशीवर डोळे मिटून हसत होते. पिशवी झपाट्यानं भरत होती.

“आता घरच्यांना सगळं नीट समजलं पाहिजे,” डॉक्टर म्हणाल्या. “हे बघा, यांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली आहे. कॅन्सर नाही, तपासण्या झाल्यात. पण ती फार त्रास देते, रात्री चार-चारदा उठवते.”

सासूबाईंनी मान वर केली.

“तीन मार्ग असतात. त्रास कमी असेल तर लगेच काही करायचं नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. संध्याकाळनंतर चहा बंद...”

“...पाणी कमी,” सासूबाईंच्या तोंडून निघालं.

“बरोबर! दुसरा गोळ्या. एका गोळीनं तिथले स्नायू ढिले पडतात, दुसरीनं ग्रंथी...”

“...हळूहळू आकसत जाते. सहा महिने.” सासूबाईंचा आवाज आता अगदी बारीक झाला होता. “आणि दुर्बीण, लेझर, वाफ. म्हणजे ती... ती मी नव्हे?”

“तुम्ही?” मास्तरांनी डोळे उघडले. “तुम्ही कशा असाल, आई? तुम्ही माझ्या मूत्राशयाच्या तोंडाशी बसलाय का?”

मेहुणा खिडकीबाहेर बघू लागला. बायकोनं आधी आईकडे, मग भावाकडे, मग त्यानं पुरावा म्हणून सोबत आणलेल्या रुमालाकडे पाहिलं. हळूहळू सगळं तिच्या ध्यानात आलं. ती कुजबुजली, “तुम्हाला दोघांना असं वाटलं, की हे आईला विष घालतायत?”

मास्तरांना हे आत्ता कळत होतं. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. हसावं की रागवावं, त्यांना उमगेना. पण डोळे मात्र भरून आले. “इतकी वर्षं तुमच्या चहात साखर मी घालतोय, आई.”

सासूबाई पुढे झाल्या. पलंगाची कड धरून उभ्या राहिल्या. “मग सांगायचं नाही का, जावईबापू?”

“काय सांगणार? तुम्हाला? हे?”

“तुमचे सासरेसुद्धा नाहीच बोलले,” त्या म्हणाल्या. “सिनेमाला गेलो की अर्ध्यात उठून जायचे. मग सिनेमाच बंद केला. मग लोकांकडे जाणं बंद केलं. मला वाटायचं, माझ्याबरोबर यायचा यांना कंटाळा येतो. शेवटची काही वर्षं मी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही. त्यांना हेच झालं होतं, हे फार उशिरा डॉक्टरांनी सांगितलं मला. त्यांनी नाही.”

मग मेहुण्यानं घसा साफ केला. “डॉक्टर, हे साधारण कोणत्या वयात सुरू होतं?”

“का हो?”

“काही नाही. सहज. माहिती असावी म्हणून.” आणि तो बाथरूम कुठे आहे ते विचारून निघून गेला.

नळी काही दिवस ठेवली, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी मास्तरांच्याच नावाच्या बाटलीतून, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. नळी काढायच्या दिवशी आख्खं घर दवाखान्यात हजर होतं. नळी निघाली. मास्तर भरपूर पाणी प्याले आणि आत गेले. बाहेर तिघं श्वास रोखून. काही वेळानं आतून आवाज आला. बारीक, पण निश्चित.

“झाली!” मेहुणा ओरडला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. कॉरिडॉरमध्ये बसलेल्या अनोळखी पेशंटांनीही वाजवल्या. मास्तर बाहेर आले ते एखाद्या विजयी सेनापतीसारखे.

“छान!” डॉक्टर म्हणाल्या. “आता पुढचं ठरवू. गोळ्यांवर राहायचं, की ऑपरेशन करून मोकळं व्हायचं? दोन्ही चालण्यासारखं आहे.”

“ऑपरेशन,” मेहुणा म्हणाला. “दावा कायमचा निकालात!”

“एवढ्यात नको गं बाई,” बायको म्हणाली. “आधी गोळ्या. मी दोन पुस्तकं वाचून काढलीत.”

“मला वाफेचं बरं वाटतं,” सासूबाई म्हणाल्या. “हलकं असतं.”

“पण गोळ्यांनी चक्कर येते!” मेहुणा म्हणाला.

“ऑपरेशननंतर ते दुसरं होतं, ना डॉक्टर? ते... पुरुषांचं... उलट्या दिशेनं जाणं?” बायको कुजबुजली.

“कोण उलट्या दिशेनं जातं?” सासूबाईंनी मोठ्यानं विचारलं. कॉरिडॉरमधले पेशंट पुढे झुकले.

“बस्स!” मास्तरांनी टेबलावर हात आपटला. “पुष्कळ झालं! पडदे घ्यायला आलोय का आपण? ग्रंथी माझी आहे! निर्णय मी घेणार. मी एकटा!”

सासूबाईंनी ओठ मिटून घेतले. नर्ससुद्धा हातातलं काम सोडून उभी राहिली.

“अगदी बरोबर,” डॉक्टर म्हणाल्या. “बोला मास्तर, काय ठरवलंत?”

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. ढिली करणारी, आकसवणारी, खरवडणारी, जाळणारी, वाफाळणारी, सगळ्यांची डोक्यात नुसती कोंडी झाली होती. कुणी पुढे जाईना, कुणी मागे हटेना. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, एकदा छताकडे.

“डॉक्टर,” ते हळूच म्हणाले, “जरा पहिल्यापासून परत सांगता का?”

डॉक्टर सांगायला लागणार, तेवढ्यात सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

“तुम्ही कशाला दमता, डॉक्टर? मी सांगते,” त्या म्हणाल्या. “मला सगळं पाठ आहे.”